तेविसाव्या क्रमांकावर कोण?

२४ एप्रिल २०२५ च्या रात्री अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे शहरात मार्क मर्फी मंचावर आले. ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक फुटबॉल संघाचे ते अध्यक्ष, आणि त्याच उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते. समोर लॅम्बो फील्ड या स्टेडियमच्या परिसरात माणसांचा समुद्र. नव्या खेळाडूंच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, तेविसाव्या क्रमांकावर संघाने घेतलेलं नाव मर्फींनी वाचलं: मॅथ्यू गोल्डन, वाइड रिसीव्हर, टेक्सस विद्यापीठ. त्यावर जो जल्लोष उठला, तो केवळ एका विशीतल्या मुलासाठी नव्हता. २००२ मध्ये जेव्हॉन वॉकरला घेतल्यापासून या संघाने पहिल्या फेरीत एकही वाइड रिसीव्हर, म्हणजे पुढे धाव घेऊन लांबचे पास झेलणारा खेळाडू, निवडलेला नव्हता. चाहते मात्र वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगत होते, यंदा रिसीव्हरच येणार. आणि दर वर्षी तोंडघशी पडत होते.

हा अंदाज इतकी वर्षं का चुकत राहिला, हे समजून घेतलं की ड्राफ्ट ओळखण्याची बरीचशी विद्या हाती लागते.

आपल्याला खेळाडूंच्या वाटपाचा परिचय आहे तो आयपीएलच्या लिलावामुळे. तिथे ज्याची थैली मोठी आणि ज्याचा हात वर राहतो, त्याला खेळाडू मिळतो. एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल साखळीचा, ड्राफ्ट वेगळा. ३२ संघ, सात फेऱ्या, बोली नाही. आदल्या हंगामात जो संघ सर्वांत वाईट खेळला, त्याचा पहिला क्रमांक. जो विजेता ठरला, त्याचा शेवटचा. विद्यापीठांमधून खेळून आलेल्या मुलांपैकी एकेकाचं नाव संघ आपापल्या पाळीने घेतो, आणि नाव घेतलं की त्या मुलाशी करार करण्याचा हक्क त्या संघाचा. आपल्याकडे इंडियन सुपर लीगने २०१७ मध्ये मुंबईत भारतीय खेळाडूंसाठी असाच ड्राफ्ट घेतला होता, पण तो प्रकार रुजला नाही. अमेरिकेत तो १९३६ पासून चालू आहे. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांचा संघ तळाशी होता, चांगले खेळाडू श्रीमंत संघांकडे जात होते. बेल यांनी सुचवलं की दुबळ्याला आधी निवडू द्या. त्या पहिल्या ड्राफ्टमधली पहिली निवड म्हणजे शिकागो विद्यापीठाचा जे बर्वांगर. तो एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. पैशांचं जमलं नाही, म्हणून त्याने दुसरा मार्ग धरला. ड्राफ्टचं भाकीत आणि प्रत्यक्ष निकाल यांच्यातली दरी अशी पहिल्याच नावापासून सुरू होते.

भाकितांचा उद्योग उभा राहायला पुढे चार दशकं जावी लागली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मेल कायपर नावाचा एक तरुण घरबसल्या विद्यापीठांतल्या खेळाडूंचे अहवाल छापून विकू लागला. १९८० मध्ये ईएसपीएन या वाहिनीने ड्राफ्टचं थेट प्रक्षेपण सुरू केलं आणि १९८४ पासून कायपर तिथे दिसू लागले. कोणता संघ कोणाला घेईल याची क्रमवार यादी, म्हणजे मॉक ड्राफ्ट, ही तेव्हापासून चाहत्यांच्याही हातची गोष्ट झाली. आज जानेवारी ते एप्रिल या काळात हजारो माणसं अशा याद्या बनवतात. २०२४ मध्ये डेट्रॉइटला झालेल्या ड्राफ्टला तीन दिवसांत सात लाखांहून जास्त लोक आले. सामना नव्हता, चेंडू नव्हता, फक्त नावं वाचली जाणार होती.

मॉक ड्राफ्ट मोजण्याची एक रूढ पद्धत आहे. खेळाडू पहिल्या फेरीत जाईल हे बरोबर आलं तर एक गुण, तो नेमक्या त्याच संघाकडे गेला तर आणखी दोन. ३२ निवडींचे ९६ गुण. त्यांच्या जवळपासही कोणी पोहोचत नाही, कारण या निवडी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. २०२४ चंच उदाहरण घ्या. अटलांटा फाल्कन्सने मार्चमध्ये कर्क कझन्स या अनुभवी क्वार्टरबॅकशी, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूशी, १८ कोटी डॉलरपर्यंत जाणारा चार वर्षांचा करार केला होता. आठव्या क्रमांकावर ते बचावातला खेळाडू घेतील असं बहुतेकांचं मत. त्यांनी घेतला मायकेल पेनिक्स, म्हणजे आणखी एक क्वार्टरबॅक. त्या वर्षी पहिल्या बारांत सहा क्वार्टरबॅक गेले, पहिले चौदाच्या चौदा खेळाडू आक्रमणाचे निघाले, आणि बचावातला पहिला माणूस थेट पंधराव्या क्रमांकावर इंडियानापोलिसला मिळाला. एका आठव्या क्रमांकाने पुढच्या सगळ्या याद्या विस्कटल्या. त्यात संघ आपसांत क्रमांकांची अदलाबदल करतात ते वेगळंच.

मग शहाण्या चाहत्याने करायचं काय? मला वाटतं, पहिली गोष्ट म्हणजे आपल्या संघाला काय हवंय हा प्रश्न थोडा बाजूला ठेवायचा. आपल्याकडे दहावीची मुलं ‘अपेक्षित’ प्रश्नसंच घेऊन बसतात. त्या संचाचा चांगला कर्ता कोणता धडा महत्त्वाचा आहे एवढंच बघत नाही. पेपर काढणारे गेल्या दहा वर्षांत काय विचारत आले आहेत, हे बघतो. ड्राफ्टचा पेपर काढणारा म्हणजे संघाचा जनरल मॅनेजर. त्याची गरज सगळ्यांना दिसते. त्याची सवय शोधावी लागते.

यासाठी पॅकर्ससारखा दुसरा संघ नाही, आणि मी त्यांच्यावर इतका वेळ घालवतो त्याचं कारणही तेच. जेमतेम एक लाख वस्तीच्या शहरातला हा संघ कोणा एका धनिकाच्या मालकीचा नाही. पाच लाखांहून जास्त सामान्य भागधारकांचा आहे. त्या भागांवर लाभांश मिळत नाही, ते बाजारात विकताही येत नाहीत. मालकाची लहर नाही, म्हणून माणसं टिकतात आणि पद्धती टिकतात. १९९१ मध्ये रॉन वुल्फ जनरल मॅनेजर म्हणून आले, त्यांच्या हाताखाली टेड थॉम्पसन तयार झाले, आणि थॉम्पसन यांच्या हाताखाली ब्रायन गुटेकुन्स्ट, जे २०१८ पासून निवडी करत आहेत. एकाच घराण्याची गायकी म्हणावी इतकी सलगता आहे.

आता यांची नोंदवही उघडा. २०१२ पासून २०२३ पर्यंत पॅकर्सने पहिल्या फेरीत १३ खेळाडू घेतले. त्यातले १२ बचावाचे. पेरी, जोन्स, क्लिंटन-डिक्स, रँडल, क्लार्क, अलेक्झांडर, गॅरी, सॅव्हेज, स्टोक्स, वॉकर, वायट, व्हॅन नेस. २०२२ चा मार्च महिना या यादीच्या अखेरीकडे येतो. तेव्हा त्यांनी डव्हान्टी ॲडम्स हा आपला सर्वोत्तम रिसीव्हर लास व्हेगासला देऊन टाकला आणि बदल्यात मिळालेल्या क्रमांकामुळे पहिल्या फेरीत २२ आणि २८ असे दोन क्रमांक हाती आले. रिसीव्हरची एवढी उघड गरज क्वचितच कोणत्या संघाला असेल. दोन्ही क्रमांकांवर त्यांनी जॉर्जिया विद्यापीठाचे बचावपटू घेतले. रिसीव्हर आला तो दुसऱ्या फेरीत, ३४ व्या क्रमांकावर, ख्रिश्चन वॉटसन.

दुसरी फेरी, हीच या घराण्याची रिसीव्हर घेण्याची जागा. ग्रेग जेनिंग्ज २००६ मध्ये ५२ वा. जॉर्डी नेल्सन २००८ मध्ये ३६ वा. रँडल कॉब २०११ मध्ये ६४ वा. स्वतः ॲडम्स २०१४ मध्ये ५३ वा. जेडन रीड २०२३ मध्ये ५० वा. या नावांमुळेच संघाला पहिल्या फेरीत घाई करावीशी वाटली नाही: जे दुसऱ्या फेरीत चांगलं मिळतं, त्यासाठी पहिली का खर्चायची? उलट उंच, वजनदार आणि तरीही चपळ असे बचावाच्या पुढच्या फळीतले खेळाडू फार थोडे जन्माला येतात आणि ते लवकर संपतात. चाहता गरज बघत होता. गुटेकुन्स्ट पुरवठा बघत होते.

तिसरी सवय क्वार्टरबॅकची, आणि ती सगळ्यांत जुनी. वुल्फ यांच्याकडे ब्रेट फार्व्हसारखा न थकणारा माणूस होता, तरी ते क्वार्टरबॅक निवडत राहिले: १९९३ मध्ये मार्क ब्रुनेल, १९९८ मध्ये मॅट हॅसलबेक, १९९९ मध्ये ॲरन ब्रुक्स. तिघेही पुढे दुसऱ्या संघांचे प्रमुख क्वार्टरबॅक झाले. थॉम्पसन यांनी २००५ मध्ये आपल्या पहिल्याच ड्राफ्टमध्ये ॲरन रॉजर्सला घेतलं, तेव्हा फार्व्ह ३५ वर्षांचा होता आणि खेळतच होता. आता २०२० कडे या. रॉजर्स ३६ वर्षांचा, संघ नुकताच १३ सामने जिंकून अंतिम लढतीच्या एक पायरी खालीपर्यंत गेलेला. साऱ्या याद्यांत रिसीव्हर. गुटेकुन्स्ट यांनी ३० वा क्रमांक आणि चौथ्या फेरीतला एक क्रमांक मायामीला दिला, २६ व्यावर चढले आणि घेतला जॉर्डन लव, युटा स्टेटचा क्वार्टरबॅक. गावात खळबळ उडाली. पण सवयींची वही ज्याने वाचली असेल, त्याच्या यादीत ‘क्वार्टरबॅक’ हा शब्द निदान तळाला तरी असायला हवा होता. रॉजर्स पुढची दोन्ही वर्षं साखळीतला सर्वोत्तम खेळाडू ठरला, २०२३ मध्ये न्यूयॉर्कला गेला, आणि लव त्याच्या जागी उभा राहिला.

लवसाठी केलेल्या त्या चढाईचा हिशेबही बघण्यासारखा आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजने प्रत्येक क्रमांकाला गुण देणारा एक तक्ता बनवला; तो प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या नावाने ओळखला जातो. पहिला क्रमांक ३००० गुणांचा, दुसरा २६००, दहावा १३००, सोळावा १०००. या तक्त्यात २६ वा ७०० गुणांचा आणि ३० वा ६२० चा. चौथ्या फेरीतल्या १३६ व्याचे ३८ धरले, तरी पॅकर्सने ७०० ची वस्तू ६५८ ला घेतली. क्रमांकांची अदलाबदल ओळखायची असेल, तर हा तक्ता जवळ असलाच पाहिजे. संघांचे आताचे तक्ते बदलले आहेत, पण घासाघीस अजून याच भाषेत होते.

सवयीचा आणखी एक थर शरीराच्या मापांचा. १९८७ पासून दर वर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास इंडियानापोलिसला खेळाडूंची चाचणी होते: ४० यार्डांची धाव, जागेवरून उडी, दिशा बदलत पळणं, २२५ पौंडांचं वजन किती वेळा उचलता येतं ते. केंट ली प्लॅट या डेट्रॉइटच्या चाहत्याने या सगळ्या मापांना एकत्र करून शून्य ते दहा असा एक आकडा तयार केला. त्या जागेवर खेळणाऱ्या १९८७ पासूनच्या खेळाडूंच्या तुलनेत हा मुलगा कुठे बसतो, हे तो सांगतो. पॅकर्सच्या वरच्या फेऱ्यांतल्या निवडी या पट्टीवर बहुधा वरच्या टोकाला सापडतात. म्हणजे शंभर नावांच्या यादीतून कमी आकड्याची नावं आधीच गाळता येतात, आणि कोण येणार नाही हे ठरवणं कोण येणार हे ठरवण्यापेक्षा नेहमीच सोपं असतं. थॉम्पसन यांना कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला रोखणारा बचावपटू, ५ फूट ११ इंचांच्या खाली सहसा चालत नसे. गुटेकुन्स्ट यांनी मात्र पहिल्याच निवडीत ५ फूट १० इंचांचा जायर अलेक्झांडर घेतला. घराणं तेच असलं, तरी गाणारा बदलला की एखादी जागा बदलते, आणि वही लिहिताना कोणत्या नोंदी कोणाच्या काळातल्या हे वेगळं ठेवावं लागतं.

आता २०२५ च्या तेविसाव्या क्रमांकाकडे. जानेवारीत पॅकर्स फिलाडेल्फियाकडून १०-२२ हरून बाहेर पडले होते. वॉटसनचा गुडघा हंगामाच्या शेवटच्या साखळी सामन्यात जायबंदी झालेला, म्हणजे नव्या हंगामाच्या सुरुवातीला तो नसणार. अलेक्झांडर राहणार की जाणार याचा पत्ता नव्हता. प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकवर चाल करून जाणारेही कमी पडत होते. तेव्हा रिसीव्हर, कॉर्नरबॅक आणि बचावाची पुढची फळी असे तीन दरवाजे उघडे होते. सवय सांगत होती, तिसरा. मग त्या रात्री काय झालं ते क्रमाने बघा. मोजमापात पॅकर्सच्या साच्यात चपखल बसणारा शेमार स्ट्युअर्ट १७ व्या क्रमांकावर सिनसिनाटीने उचलला. १९ व्यावर टॅम्पा बेने एमेका एगबुका हा रिसीव्हर नेला. २० व्यावर डेन्व्हरने जाडे बॅरन हा कॉर्नरबॅक घेतला. तेविसावं नाव येईपर्यंत दोन दरवाजे जवळजवळ लागलेले होते, आणि चाचणीत ४० यार्ड ४.२९ सेकंदांत धावलेला गोल्डन अजून शिल्लक होता. नव्या हंगामात वॉटसनच्या वेगाची जागा कोण भरणार, याचं उत्तर समोर उभं होतं. सवय मोडली असं वरवर दिसतं. मला ती मोडलेली वाटत नाही. अतिशय वेगवान, आणि आपल्या पाळीपर्यंत उरलेला. हा निकष जुनाच आहे, फक्त या वेळी तो रिसीव्हरकडे घेऊन गेला.

इथे एक प्रश्न येतो. ज्या चाहत्याने वर्षानुवर्षं ‘रिसीव्हर’ म्हटलं, तो २०२५ मध्ये बरोबर ठरला. मग त्याला जाणकार म्हणायचं का? याचं उत्तर द्यायला हवामानशास्त्रातलं एक साधन कामी येतं. ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने १९५० मध्ये शक्यतेच्या भाकितांना गुण द्यायची रीत मांडली. एखादी गोष्ट घडली तर १, नाही घडली तर ०; त्यातून तुम्ही सांगितलेली शक्यता वजा करायची आणि फरकाचा वर्ग करायचा. आकडा जितका लहान तितकं भाकीत चांगलं.

गुटेकुन्स्ट यांचे २०१८ ते २०२५ हे आठ ड्राफ्ट घ्या. पहिल्या फेरीत रिसीव्हर सात वेळा आला नाही, एकदा आला. एक चाहता दर वर्षी ९० टक्के खात्रीने ‘येणार’ म्हणतो. चुकीच्या प्रत्येक वर्षी त्याच्या खात्यावर ०.८१, बरोबरच्या वर्षी ०.०१. आठ वर्षांची सरासरी ०.७१. दुसरा चाहता सवय बघून दर वर्षी म्हणतो, २० टक्के शक्यता. सात वर्षं त्याच्या खात्यावर फक्त ०.०४, आणि २०२५ मध्ये ०.६४. त्याची सरासरी ०.११५. नुसतं ‘पन्नास-पन्नास’ म्हणणाऱ्याची ०.२५ येते, म्हणजे ९० टक्केवाला काहीच माहीत नसलेल्या माणसापेक्षाही वाईट ठरला. आणि जो दुसरा आहे, त्याला जल्लोषाच्या रात्री कोणी शाबासकी दिली नसेल, पण संघ त्यालाच जास्त कळला होता. मला हे फार मोलाचं वाटतं. चाहत्याने नावासोबत टक्के लिहावेत. टक्के लिहायला लागलं की आपली इच्छा आणि आपला अंदाज वेगळे करावेच लागतात.

शिवाय खुद्द संघांची खात्री तरी किती असावी? केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी ड्राफ्टचा अनेक वर्षांचा हिशेब मांडला. यातल्या थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. दोघांनी विचारलं, एका जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू, त्याच जागेसाठी लगेच नंतर निवडलेल्यापेक्षा खरोखर सरस ठरतो का? उत्तर आलं, साधारण ५२ टक्के वेळा. छापा-काट्याहून थोडं बरं. त्यांचा दुसरा निष्कर्ष असा की संघ वरच्या क्रमांकांना त्यांच्या खऱ्या मोलापेक्षा जास्त किंमत मोजतात. स्काउटांच्या फौजा, चाचण्या, मुलाखती, डॉक्टरांचे अहवाल, आणि तरीही १९५६ मध्ये याच पॅकर्सने २०० व्या क्रमांकावर घेतलेला बार्ट स्टार पाच अजिंक्यपदं जिंकून देतो. २००० मध्ये १९९ व्या क्रमांकापर्यंत थांबावं लागलेला टॉम ब्रेडी सात जिंकतो. २०२२ मध्ये सगळ्यांत शेवटी, २६२ वा निवडलेला ब्रॉक पर्डी दोन वर्षांत सुपर बोलमध्ये, म्हणजे साखळीच्या अंतिम सामन्यात, उतरतो.

याचा दुसरा अर्थ असा की ‘कोणता खेळाडू चांगला’ आणि ‘कोणता खेळाडू निवडला जाईल’ हे दोन वेगळे अभ्यास आहेत. पहिला जवळजवळ अशक्य. दुसरा अवघड, पण शिकता येण्याजोगा, कारण त्यात निवडणारी माणसं थोडी आहेत, त्यांच्या जुन्या निवडी सगळ्यांसमोर आहेत, आणि माणूस सहसा आपल्या वळणावर जातो. एकट्याच्या यादीपेक्षा शेकडो याद्यांची सरासरी जास्त भरवशाची, हेही आता बेंजामिन रॉबिन्सन यांच्यासारखे अभ्यासक मॉक ड्राफ्ट गोळा करून तपासतात. पण सरासरीलाही एक दोष आहे. सगळ्यांच्याच मनात एकच बातमी असेल, तर सगळे एकाच दिशेने चुकतात. २०२५ मध्ये शेडूर सँडर्स हा क्वार्टरबॅक पहिल्या फेरीत जाईल असं असंख्य याद्यांत होतं. तो गेला पाचव्या फेरीत, १४४ वा, क्लीव्हलँडला. आणि त्या संघाने त्याच्या आधी, तिसऱ्या फेरीत, डिलन गॅब्रिएल हा दुसराच क्वार्टरबॅक घेतलेला होता.

त्याच वर्षी २८ ऑगस्टला पॅकर्सने एक मोठा व्यवहार केला. डॅलसकडून मायका पार्सन्स हा बचावातला अव्वल खेळाडू घेतला, आणि बदल्यात केनी क्लार्क हा २०१६ चा आपला पहिल्या फेरीतला खेळाडू आणि २०२६ व २०२७ चे पहिल्या फेरीतले दोन्ही क्रमांक देऊन टाकले. मला हा व्यवहार संघाच्या सवयीशी जुळणाराच वाटतो: बचावाच्या पुढच्या फळीतला दुर्मीळ माणूस पहिल्या फेरीच्या किमतीला घ्यायचा, फक्त या वेळी विद्यापीठातून आलेला कच्चा न घेता सिद्ध झालेला घेतला. अंदाज बांधणाऱ्याचं काम मात्र त्यामुळे पार बदललं. २०२६ आणि २०२७ साठी त्याचा खेळ दुसऱ्या फेरीपासून सुरू होतो, जिथे आधीची २२ नावं जमवणं पुरत नाही, पन्नासच्या आसपास जमवावी लागतात. नाव बरोबर येण्याची आशा तिथे जवळपास सोडूनच द्यावी. पण खेळाडू कोणत्या जागेवरचा असेल, किती उंच, किती वेगवान, कोणत्या वयाचा, यावर टक्के मांडता येतात, आणि या घराण्याची दुसऱ्या फेरीतली वही पहिलीपेक्षा कितीतरी भरलेली आहे.